कळ्या आणि कुंपण

एखाद्या स्त्रीने समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवणारे पुस्तक लिहिले, की त्यात सांगितलेले खरे की खोटे हा प्रश्न आपल्याकडे मागाहून विचारला जातो. आधी विचारले जाते ते हे, की ही बाई कोण, कोणाची, आणि हे तिला कसे ठाऊक? १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा महाराष्ट्रात नेमके असेच घडले. विभावरी म्हणजे रात्र. शिरूर म्हणजे पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे गाव. एवढ्या दोन धाग्यांवरून लेखिकेचा माग काढण्याची जी धडपड सुशिक्षितांनी केली, तिच्या निम्म्यानेही त्या कथांतील मुलींच्या वाट्याला आलेल्या प्रश्नांचा माग काढण्याची धडपड केली असती, तर पुढील पिढ्यांच्या पुष्कळशा मुलींचे आयुष्य सुखाचे झाले असते. पण घरातील दुःखाचा पत्ता शोधण्यापेक्षा लेखिकेचा पत्ता शोधणे सोपे, आणि शिवाय करमणुकीचे.

पत्ता यथावकाश सापडला. विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे. विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर. जन्म १९०५ सालचा. वडील अनंतराव खरे हे शिक्षक आणि मुलींना शिकवण्याचा निश्चय केलेले गृहस्थ. आई इंदिराबाई दुभत्याचा धंदा स्वतः चालवून संसाराला हातभार लावणाऱ्या. बाळूताईंचे बालपण शिरूरला गेले आणि पुढील शिक्षण महर्षी कर्व्यांच्या हिंगणे येथील संस्थेत झाले. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्या विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आरंभीच्या पिढ्यांतील ही एक विद्यार्थिनी. पुढे कन्याशाळेत त्या शिक्षिका झाल्या. टोपणनावाचे कारण येथेच दडलेले आहे. देणग्यांवर आणि पालकांच्या विश्वासावर चालणाऱ्या मुलींच्या शाळेतील अविवाहित शिक्षिकेने स्त्रीच्या मनातील अतृप्तीविषयी स्वतःच्या नावाने लिहावे, ही गोष्ट त्या काळी तिलाही परवडणारी नव्हती आणि शाळेलाही नव्हती. म्हणून नाव रात्रीचे घेतले; गाव मात्र आपले ठेवले. भित्र्या माणसाने गावही बदलले असते.

त्या कथांत असे होते तरी काय? आजच्या वाचकाला त्यांत बंडखोरीची वाक्ये फारशी सापडणार नाहीत. सापडतील त्या घरात वाढून मोठ्या झालेल्या, शिकलेल्या, मिळवत्या आणि लग्न न झालेल्या मुली. मराठी समाजात ही जमातच नवी होती. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली झाला, आणि तेवढ्यावरही सनातन्यांनी आकाशपाताळ एक केले. त्याच काळात पुण्या-मुंबईकडील पांढरपेशा घरांत एम्. ए., बी. ए. झालेल्या पंचविशीच्या मुली बसून होत्या. बापाने मुलीला शिकवले ते सुधारणेच्या उमेदीने. परंतु शिकलेल्या मुलीला वर हवा तो तिच्याहून अधिक शिकलेला, आणि अधिक शिकलेल्या वराचा हुंडाही अधिक. पत्रिका, गोरेपणा, गाणे येते का, चष्मा का लागला, ह्या चौकशांचे सत्र दर रविवारी नव्याने सुरू. मुलगी शिकली याचा अर्थ ती विचार करू लागली, हे मात्र कोणी हिशेबात धरले नव्हते. पोह्यांची बशी घेऊन बाहेर येणारी मुलगी समोर बसलेल्या पाहुण्यांकडे पाहते आहे, त्यांना जोखते आहे, आणि आत गेल्यावर तिच्या मनात काहीतरी शिल्लक राहते आहे, हे मराठी कथेत या पुस्तकाने फार नेमकेपणाने नोंदवले.

त्यातल्या एका कथेचे नावच एक प्रश्न आहे: ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ मिळवती थोरली मुलगी. तिच्या पगारावर घर चाललेले. बापाला तिच्याविषयी प्रेम नाही असे नाही. कुणी तिला डांबून ठेवले आहे असेही नाही. फक्त तिचे लग्न लांबणीवर पडते, कारण ते झाले तर भावंडांच्या फीचे, घरभाड्याचे, दुधाच्या बिलाचे काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आहे आणि कोणाच्याच ओठांवर नाही. अशा अन्यायाला खलनायक नसतो, आणि म्हणूनच त्याविरुद्ध तक्रार कोणापाशी करायची हे कळत नाही. मुलगी त्यागमूर्ती ठरते. चारचौघांत तिचे कौतुक होते. आई तिच्या आवडीची भाजी करते. आणि वर्षे जातात. आमच्या मते मालतीबाईंचे मोठेपण या निरीक्षणात आहे, की स्त्रीच्या त्यागाची स्तुती करणे ही अनेकदा तो त्याग पुढे चालू ठेवण्याची अगदी स्वस्त युक्ती असते.

हा प्रश्न इतिहासजमा झाला, असे कोणी समजत असेल तर त्याने आपल्या या किनाऱ्यावरील चार घरे उघड्या डोळ्यांनी पाहावीत. शाळेत, इस्पितळात, बँकेत नोकरी करणाऱ्या, सकाळी सातची बस पकडून संध्याकाळी दिवेलागणीला परतणाऱ्या थोरल्या लेकी आजही प्रत्येक वाड्यावर आहेत. धाकट्या भावाचे शिक्षण झाले, त्याला बाहेरगावी नोकरी लागली, त्याचे लग्न झाले, घराची कौले काढून स्लॅब घातला गेला. आणि या सगळ्याचा पैसा ज्या पासबुकातून आला त्या पासबुकाची मालकीण चाळिशीत देवघरातील समई लावते आहे. तिच्याविषयी शेजारीपाजारी म्हणतात, ‘बायेचं घरादारावर भारी प्रेम.’ प्रेम असेलही. पण तिला कोणी विचारले होते काय? हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. थोरल्या मुलीच्या पगारावर बेतलेल्या घरांना लागू पडेल असा कायदा मात्र कोणत्याही विधानसभेला करता येणार नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे कथा पोहोचते, आणि ही कथा तर नव्वद वर्षांपूर्वीच येऊन पोहोचली आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे, कारण मालतीबाईंविषयी लिहिणारे तिच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. कथा-कादंबरीकडे वळण्यापूर्वी त्यांनी दोन अगदी वेगळ्या विषयांवर ग्रंथरचना केली होती. एक ‘अलंकारमंजूषा’, दागिन्यांविषयीची. आणि दुसरे, कृ. ना. केळकर यांच्यासमवेत सिद्ध केलेले ‘हिंदु व्यवहार धर्मशास्त्र’. वरवर पाहता दागिने आणि धर्मशास्त्र यांचा कथेशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो घट्ट आहे. हिंदू स्त्रीच्या अंगावर काय असते आणि त्यातले तिच्या मालकीचे किती असते, हे ज्या बाईने ग्रंथ चाळून, वचने ताडून पाहिले, तिला संसाराच्या गोडगोड वर्णनांनी भुलवता येत नाही. स्त्रीधन या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक असतो, आणि त्याची हद्दही.

१९३४ साली आलेली ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. नवऱ्याच्या संसाराला मुकलेली अचला दुसऱ्या पुरुषाबरोबर लग्नावाचून सहजीवन पत्करते आणि मातृत्वाची इच्छा मनात बाळगते, एवढ्याच तपशिलावर त्या काळी गदारोळ माजला. अनीतीचा पुरस्कार, तरुण मुलींच्या मनांवर दुष्परिणाम, संस्कृतीचा ऱ्हास, ही सगळी शस्त्रे बाहेर निघाली. टीकाकारांनी एक साधी गोष्ट विचारात घेतली नाही. अचलेने लग्न मोडून दुसरे लग्न करायचे ठरवले असते तरी ते तिने कोणत्या कायद्याने करावयाचे होते? बडोदे संस्थानात सयाजीरावांनी १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. परंतु मुंबई इलाख्यात तो यायला १९४७ साल उजाडले, आणि सबंध देशाला हिंदू विवाह कायदा १९५५ साली मिळाला. पुरुषाला मात्र दुसरी बायको करायला मुंबई इलाख्यात १९४६ पर्यंत कोणतीही आडकाठी नव्हती. म्हणजे ज्या समाजाने बाहेर पडण्याची कायदेशीर दारे बंद ठेवली होती, तोच समाज खिडकीतून बाहेर पडणाऱ्या बाईला बेकायदेशीर म्हणत होता.

गोमंतकीय वाचकाला येथे आपले वेगळेपण आठवेल. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे आपल्याकडे पतिपत्नी मालमत्तेचे समभागी मानले गेले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे आणि आपण ती सांगतोही. मात्र त्याच राजवटीने १८८० साली येथील हिंदूंच्या रूढी मान्य करणारा जो हुकूमनामा काढला, त्यात बायकोला पंचविशीपर्यंत मूल न झाल्यास किंवा तिशीपर्यंत मुलगा न झाल्यास, तिच्या संमतीने, नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा ठेवली होती, हे सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो. संमती! सासरच्या माजघरात, सासू-दिरांच्या देखत, नोटरीच्या कागदावर घेतलेली ती संमती कशी असेल, याचे चित्र रेखाटणारी विभावरी आपल्याकडे झाली नाही. झाली असती तर तिलाही बहुधा रात्रीचेच नाव घ्यावे लागले असते.

या लेखनाची वाङ्मयीन प्रतवारी करू पाहणाऱ्यांचाही एक आक्षेप आहे, आणि तो आम्ही टाळून पुढे जाऊ इच्छीत नाही. मालतीबाईंच्या नायिका फार बोलतात, फार चर्चा करतात, काही कथा तर प्रश्न मांडण्यासाठीच रचल्यासारख्या वाटतात, असे म्हटले जाते. ते काही अंशी खरे आहे. ‘विरलेले स्वप्न’मध्ये हा दोष अधिक जाणवतो. पण ज्या दशकात हे लेखन झाले त्या दशकात मराठीत कलेसाठी कला की जीवनासाठी कला या वादाने मासिकांची पाने भरत होती. एका बाजूला ना. सी. फडके, दुसऱ्या बाजूला आपल्या शेजारच्या शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करणारे वि. स. खांडेकर. दोघेही मोठे. दोघांच्याही कादंबऱ्यांतील नायिका सुंदर आणि भावनाशील. तथापि महिनाअखेर पगाराचे पाकीट बापाच्या हातावर ठेवताना मुलीच्या मनात काय येते, हे जाणून घेण्यासाठी वाचकाला या दोन्ही पक्षांकडे न जाता कन्याशाळेतील त्या शिक्षिकेकडे जावे लागले. वादाच्या इतिहासात तिला बाजूची खुर्चीसुद्धा मिळाली नाही याचे आम्हांला नवल वाटते. कदाचित जीवन कशाला म्हणावे याविषयी दोन्ही पक्षांचे आतून एकमत असावे.

येथपर्यंतची मालतीबाईंची कीर्ती सर्वांना परिचित आहे. साठ-सत्तर वर्षे मराठीचे अध्यापक ‘कळ्यांचे निःश्वास’चे नाव घेत आले आणि विद्यार्थी ते उतरवून घेत आले. परंतु त्यांच्या आयुष्याला पुढे जे वळण लागले, त्याचा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकला जातो. आमच्या मते खरी गोष्ट तेथेच सुरू होते.

कन्याशाळेतील नोकरी सोडून मालतीबाई सरकारी नोकरीत शिरल्या आणि सोलापूरच्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतीवर त्यांनी सुमारे तीन वर्षे काम केले. सोलापुरात त्या वसाहतीला ‘सेटलमेंट’ म्हणत. तिच्याभोवती काटेरी तारांचे कुंपण होते. आत राहणाऱ्या माणसांनी गुन्हा केला होता म्हणून ती तेथे होती काय? काहींनी केला असेल. पण तेथे असण्यासाठी गुन्हा करण्याची आवश्यकता नव्हती. विशिष्ट आईच्या पोटी जन्म घेणे पुरेसे होते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. रेल्वे, मिठाचे कर, जंगलांचे कायदे यांनी ज्या भटक्या लोकांचे पिढीजात धंदे बसवले, त्यांपैकी अनेकांची नावे या कायद्याखाली पोलिसांच्या नोंदवहीत चढली. प्रारंभी तो उत्तरेकडील प्रांतांत लागू होता. १९११ च्या सुधारणेने तो देशभर लावता येऊ लागला, आणि मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या संस्थांत ठेवण्याचा अधिकारही सरकारकडे आला. १९२४ साली या सर्व तरतुदी एकत्र केल्या गेल्या. नोंदलेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही, सोडल्यास शिक्षा. सोलापूर हे गिरण्यांचे शहर, आणि गिरण्यांना कामगार हवेच होते. वसाहतीतील माणसांच्या हातांना तेथे काम दिले जाई. यालाच सुधारणा असे नाव होते.

हिंगण्याच्या वसतिगृहातून निघालेली, पुण्याच्या पांढरपेशा समाजात वावरलेली स्त्री या कुंपणाच्या आत रोज जात-येत होती, आणि तेही सरकारची अधिकारी म्हणून. ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ती उपकारकर्ती पाहुणी नव्हती, चळवळीतील कार्यकर्तीही नव्हती. ज्या यंत्रणेने ही माणसे कोंडली त्याच यंत्रणेचा पगार ती घेत होती. अशा जागी बसलेल्या माणसापुढे दोनच सोपे मार्ग असतात: अहवाल लिहून मोकळे व्हावे, नाही तर राजीनामा देऊन. मालतीबाईंनी नोकरी सोडल्यावरही तो अनुभव मनात धरून ठेवला आणि १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी लिहून बाहेर काढली. मधल्या दहा वर्षांत लेखिका सवंग करुणा टाळायला शिकली, असे ती कादंबरी वाचताना जाणवत राहते. आधीच्या पुस्तकांतील चर्चेखोरपणा येथे जवळजवळ नाहीसा झाला आहे. तारांच्या आत जन्मलेल्या माणसाला बाहेरच्या जगाची ओढ लागली म्हणजे काय होते, बाहेरचे जग त्याला आत येऊ देत नाही आणि आतले जग त्याला बाहेर जाऊ देत नाही, ही त्या कथेची घडण. आतली माणसे सद्गुणांचे पुतळे म्हणून रंगवलेली नाहीत. ती भांडतात, फसवतात, पितात, जात-पंचायतीच्या धाकाखाली एकमेकांना चिरडतात. लेखिका त्यांची वकिली करीत नाही. ती त्यांना माणसे म्हणून उभी करते आणि कुंपण कोणी घातले हे वाचकाला पाहू देते.

‘बळी’ प्रसिद्ध झाली त्या वेळी मुंबई राज्याने हा कायदा नुकताच, १९४९ साली, रद्द केला होता. देशपातळीवर अय्यंगार समितीने तो रद्द करण्याची शिफारस केली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्वत्र गेला. कादंबरीमुळे कायदा गेला असा दावा आम्ही करणार नाही. तसा दावा केला तर तो खोटा ठरेल. पण कायदा रद्द झाला म्हणजे नोंदवहीतले नाव पुसले गेले, एवढेच. मनातले नाव कोण पुसणार?

आणि येथेच मराठी वाचकाविषयी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’वर आपण भांडलो, कारण त्या कळ्या आपल्या अंगणातल्या होत्या. निषेध करणारेही तेच आणि चोरून वाचून डोळे पुसणारेही तेच. पण पुस्तक घरोघर गेले. ‘बळी’वर असे भांडण झाले नाही. समीक्षकांनी तिला मान दिला, जाणकारांनी तिला लेखिकेची सर्वांत समर्थ कृती म्हटले, आणि वाचक तिला टाळून पुढे गेला. ज्या लेखिकेने आपल्या मुलींचे दुःख सांगितले तिला आपण आधी दगड मारले आणि मग डोक्यावर घेतले. तिने दुसऱ्यांच्या मुलांचे दुःख सांगितले तेव्हा आपण दगडही मारला नाही. लेखिका उंबरठा ओलांडून कुंपणापर्यंत गेली. वाचक उंबरठ्यापाशीच थांबला.

आपल्या गावच्या जत्रेला डोंबारी येतो. बांबूला दोर बांधून त्याची सातआठ वर्षांची पोर वर चढते, खाली ढोलकी वाजते, आपण नाणे टाकतो आणि ‘काय हो हा तोल!’ म्हणतो. रात्री त्याच कुटुंबाने देवळामागच्या मळ्यात पाल ठोकले, की घरोघर दाराच्या कड्या तपासल्या जातात, परसातली भांडी आत घेतली जातात. गावात चोरी झाली तर पोलीस प्रथम कोणत्या पालाकडे जातात, हे सांगायला नको. १८७१ चा कायदा करणाऱ्या साहेबाला आपण परका म्हणतो. कडी तपासणारा हात तर आपलाच आहे.

तीस वर्षांनी तारांपलीकडची माणसे स्वतःच लिहू लागली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. स्वतः भोगलेल्याचा स्वर हा बाहेरून पाहणाऱ्याच्या स्वराहून निराळा आणि तीव्र असणारच. त्यांच्यापुढे ‘बळी’ फिकी वाटते असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पण ज्या काळात त्या माणसांच्या हाती लेखणी पडलेली नव्हती, त्या काळात दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या वर्गाच्या एका स्त्रीने ती उचलली, आणि त्यांच्या नावे स्वतःचे पुण्य न मिरवता उचलली, याची नोंद राहिली पाहिजे.

हा सारा इतिहास जुना वाटत असेल तर एक अगदी अलीकडची घटना सांगतो. सुकन्या शांता या पत्रकार महिलेने २०२० साली देशातील तुरुंगांत जातीवरून कामे कशी वाटली जातात याचा छडा लावून लेखन केले: झाडू-मोरीची कामे कोणाला, स्वयंपाक कोणाकडे, आणि कोणत्या जमातीच्या कैद्याला तुरुंगाच्या नियमपुस्तकांत जन्मतःच सराईत गुन्हेगार धरले आहे. पुढे त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवून राज्यांना ते बदलण्याचे आदेश दिले, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये यासाठी पोलिसांनाही बजावले. ‘बळी’ आणि हा निकाल यांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. कायदा १९५२ साली गेला, आणि त्याची सावली तुरुंगाच्या नियमपुस्तकांत २०२४ पर्यंत सुखेनैव नांदत होती! तीही शोधून काढली एका लिहिणाऱ्या स्त्रीनेच. फरक एवढाच, की तिला रात्रीचे नाव घ्यावे लागले नाही. लेख तिच्या नावावर आहे, आणि निकालही तिच्याच नावाने ओळखला जातो.

मालतीबाईंनी पुढेही पुष्कळ लिहिले. वडिलांच्या आयुष्यावरची ‘खरेमास्तर’ १९५३ सालची. मुली शिकवणाऱ्या बापाला समाज कसा एकटा पाडतो हे तीत आहे, आणि ‘कळ्यां’तील बापांवर रुष्ट झालेल्या वाचकाने ती अवश्य वाचावी, म्हणजे लेखिकेला बाप या नात्याविषयी आकस नव्हता हे ध्यानी येईल. ‘शबरी’ १९५६ ची. ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे पुस्तक तर ललित नव्हेच. आश्रयाला आलेल्या निराधार स्त्रियांची विचारपूस करून, त्यांच्या हकिकती ताडून केलेला तो अभ्यास आहे. कथेने जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी कथा बाजूला ठेवण्याची तयारी फार थोड्या लेखकांत असते.

१९८१ साली अकोल्याला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले तेव्हा त्याला पर्याय म्हणून मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरवण्यात आले, आणि त्याच्या अध्यक्षस्थानी पंचाहत्तरी गाठलेल्या मालतीबाई होत्या. ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर हे त्यांचे पती. ते १९८६ साली मुंबईच्याच अधिकृत संमेलनाचे अध्यक्ष झाले. एकाच घरात दोन अध्यक्षपदे आली. एक मांडवातले, एक मांडवाबाहेरचे. मांडवाबाहेरचे पद कोणाच्या वाट्याला यावे हे विधिलिखितच असावे, आणि आम्हांला वाटते, मालतीबाईंनाही ते अधिक मानवले असेल.

२००१ साली त्या गेल्या. कोण ही विभावरी, हे शोधण्याची कोणाला गरज उरली नव्हती त्याला तोवर अनेक वर्षे लोटली होती. तरी ‘बळी’वर, ‘खरेमास्तर’वर आणि ‘शबरी’वर नाव राहिले ते विभावरी शिरूरकर हेच. आमच्या गावोगावच्या वाचनालयांत ‘कळ्यांचे निःश्वास’ची प्रत बहुधा असते, पुठ्ठा बदललेली, पाने हाताळून मऊ झालेली. तिच्या शेजारी ‘बळी’ आहे काय, असल्यास तिच्या मागच्या पानावर देवघेवीचे किती शिक्के पडले आहेत, हे वाचनालयांच्या चिटणीसांनी एकदा पाहावे. आणि नसल्यास येत्या खरेदीच्या यादीत ते नाव घालावे.